कोथरूडचं घर विकलं तेव्हा: एका वकीलबाईंच्या कामाबद्दल

वकिलांना आपल्या कामाची जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. म्हणून ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांनीच तशी विनंती केली. काम कसं केलं ते लिहायला मात्र त्यांची हरकत नव्हती, आणि घर विकायला निघालेल्या माणसाला नावापेक्षा तेच जास्त उपयोगी पडेल.

आमचं घर म्हणजे कोथरूडमधला छोटा बंगला. तीन हजार चौरस फुटांचा प्लॉट, खाली चार खोल्या, वर एक मोठी खोली. बाबांनी १९८६ साली बांधला. बाबा २००९ मध्ये गेले. आई आता ७९ वर्षांची आहे, भाऊ टोरांटोला, मी शाळेत गणित शिकवते आणि राहते वारज्याला. आईचे गुडघे पाहता लिफ्ट असलेल्या इमारतीत तिला फ्लॅट घ्यायचा आणि हे घर विकायचं असं २०२४ च्या पाडव्याला ठरलं. आम्हाला वाटलं, दिवाळीपर्यंत होऊन जाईल.

आधी आम्ही वकिलांकडे गेलोच नाही. ओळखीतून एक एजंट मिळाला, ‘कागदपत्रांसकट सगळं करून देतो’ म्हणाला. पंधरा हजार घेतले आणि सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, म्हणून ऑनलाइन काढलेल्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीच्या) चार प्रिंट हातात ठेवल्या. गिऱ्हाईकही त्यानेच आणलं. चांगली माणसं होती, दोन लाख विसार दिला, विसारपावती झाली. मग त्यांच्या बँकेचा मूल्यांकन करणारा इंजिनिअर घरी आला. त्याने मंजूर नकाशा मागितला. एजंट म्हणाला, एवढ्या जुन्या घराचा नकाशा कोण बघतो, दर वर्षी मिळकतकर भरतात, तो वरच्या खोलीसकट भरतात, अजून काय पाहिजे? इंजिनिअरने मान हलवली, जिन्याखालचे फोटो काढले आणि निघून गेला. आठवड्याने कर्ज नाकारल्याचं कळलं. बांधकाम मंजूर नकाशाशी जुळत नाही, एवढंच कारण. आम्ही विसार परत केला. घेणाऱ्या बाईंनी आईचा हात हातात घेऊन ‘काकू, आम्हाला घर फार आवडलं होतं’ असं म्हटलं, ते आईला बरेच दिवस लागून राहिलं.

मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी या वकीलबाईंकडे पाठवलं.

पहिली भेट पाऊण तासाची. मी फाइल पुढे केली तर त्यांनी ती उघडलीच नाही. कोरा कागद घेतला आणि आमच्या घरातल्या माणसांची नावं विचारायला लागल्या. कोण हयात, कोण गेलं, कधी गेलं, लग्न झालेल्या मुली किती. मग एकदम म्हणाल्या, ‘ताई, बाबा गेले तेव्हा त्यांची आई होती का?’

होती. आजी २०१३ मध्ये गेली, बाबांच्या नंतर चार वर्षांनी. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. २०१० साली आम्ही मालमत्ता पत्रकावर वारसांची नोंद केली तेव्हा प्रतिज्ञापत्रात तीनच नावं दिली होती: आई, मी, भाऊ. आजीचं नाव घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आजी आमच्याच घरात, देवघराशेजारच्या खोलीत राहत होती, तिचं वेगळं काही असेल असं कुणाला वाटणार? पण हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांमध्ये बायको आणि मुलांबरोबर आईही येते, आणि बरोबरीने येते. म्हणजे बाबांच्या घरात आजीचा चौथा हिस्सा होता. आजी गेल्यावर तो तिच्या मुलांकडे गेला. काका, आत्या, आणि बाबांच्या जागी आम्ही दोघं भावंडं.

मी तिथेच पाकिटाच्या मागे अपूर्णांक मांडले. आई सहा चोविसांश, भाऊ सात, मी सात, काका दोन, आत्या दोन. बेरीज चोवीस. चाळीस वर्षं ज्या घरात आई नांदली त्यात तिचा वाटा आम्हा मुलांपेक्षा कमी निघाला, कारण सासूच्या वारसांमध्ये सून येत नाही. वकीलबाईंनी माझं गणित बघितलं, बरोबर म्हणाल्या, आणि ते पाकीट आपल्या फाइलला टाचून ठेवलं.

एजंटला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, पत्रकावर तीन नावं आहेत ना, मग काका-आत्यांना कशाला उठवता? खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं. वकीलबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं की हे लपवून त्या खरेदीखताला हात लावणार नाहीत. पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. ‘काकांना आणि आत्यांना नुसतं सही करा म्हणू नका. त्यांचा वाटा किती आहे, आजच्या भावाने त्याचे किती होतात, ते आकड्यात सांगा. समजून सोडला तरच तो हक्क सुटतो.’ त्यांनी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर काढून रक्कम मांडून दिली. छोटी रक्कम नव्हती.

काका नाशिकला असतात. मी स्वतः गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘दादाने ते घर बांधताना सिमेंटसाठी किती हेलपाटे घातले ते मी बघितलंय. त्यातलं मी काय घेऊ.’ आत्या ८३ वर्षांची, सदाशिव पेठेत. तिचं उत्तर वेगळं होतं. म्हणाली, ‘सही देते, पण आईचं पितळी पुरणयंत्र मला हवं.’ ते आमच्या माळ्यावर होतं. चिंच लावून घासून नेऊन दिलं.

हक्कसोडपत्राची नोंदणी करायची तर आत्याचं खुब्याचं हाड नुकतंच मोडलेलं. अशा माणसासाठी नोंदणी कायद्यात गृहभेटीची सोय आहे, हे मला माहीतच नव्हतं. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला आणि दुय्यम निबंधक कार्यालयाची माणसं लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आत्याच्या खोलीत आली. वयामुळे अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या, यंत्र ठसा घेईना. वकीलबाईंनी ओल्या रुमालाने आत्याचा अंगठा हळूच पुसला, कोरडा केला, परत टेकवला. चौथ्या वेळी आला. मग अधिकाऱ्यांनी तिला मराठीतून विचारलं, हा कागद कशाचा आहे, कुणी जबरदस्ती केली का? आत्या म्हणाली, ‘माझ्या भावजयीला माझा हक्क सोडतेय. राजीखुशीने.’ तेव्हा अशा जवळच्या नात्यातल्या हक्कसोडपत्राला दोनशे रुपयांचा मुद्रांक होता. ऑक्टोबर २०२४ पासून तो पाचशे झाला.

भावाचं काम त्याहून गुंतागुंतीचं. त्याने आईच्या नावे हक्क सोडायचा होता, पण पुण्याला येणं शक्य नव्हतं. वकीलबाईंनी आधी एक गोष्ट समजावली. विकणाऱ्यांमध्ये अनिवासी भारतीय असेल, तर घेणाऱ्याला नेहमीचा एक टक्का टीडीएस कापून भागत नाही. त्या वाट्यावर बऱ्याच जास्त दराने कर कापावा लागतो आणि सामान्य नोकरदार गिऱ्हाईक त्या भानगडीला घाबरून मागे फिरतं. भाऊ तसाही आईकडून काही घेणार नव्हता. मग त्याने माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. अपोस्टिल म्हणजे एका देशातला कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून लागणारं प्रमाणन; कॅनडा जानेवारी २०२४ मध्येच त्याच्या करारात आला, त्यामुळे तिथे नोटरी आणि अपोस्टिल करून कागद कुरिअरने आला. परदेशात झालेल्या अशा कागदावर तो महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. कुरिअरचं पाकीटही त्यांनी तारखेच्या पुराव्यासाठी जपून ठेवायला लावलं.

हे झालं माणसांचं. आता घराचं.

मंजूर नकाशा बाबांच्या ट्रंकेत सापडला. निळ्या रंगाची अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेली, कोपऱ्यात महापालिकेचा शिक्का आणि ‘सोबतच्या अटींस अधीन राहून’. बरोबर बांधकामाचं संमतिपत्र होतं आणि जोते तपासणीचा दाखलाही. तळमजल्याचं भोगवटा पत्र, म्हणजे बांधलेलं घर वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी, मात्र नव्हतं. अर्ज करून त्याची प्रमाणित प्रत महापालिकेच्या अभिलेखातून काढली, तीन आठवड्यांत मिळाली. तोवर जीव टांगणीला होता, कारण भोगवटा पत्र झालंच नसतं तर सगळं पहिल्यापासून.

वकीलबाई इथे आपल्या नेहमीच्या आर्किटेक्टना घेऊन आल्या. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी नकाशा ओट्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर आईचे चार डबे ठेवले आणि टेपने घर मोजायला सुरुवात केली. मी टेपचं दुसरं टोक धरून फिरत होते. ज्या घरात वाढले ते घर त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं असं वाटतं. नकाशात पुढची बाल्कनी उघडी होती, आमच्याकडे ती १९९२ पासून बंद, त्यात माझं अभ्यासाचं टेबल होतं. वरची खोली नकाशात नव्हतीच. बाबांनी १९९७ मध्ये गच्चीवर बांधली ती, भावाचं लग्न ठरत होतं म्हणून. आणि पूर्वेच्या बाजूला, जिथे नकाशा कुंपणापर्यंत तीन मीटर मोकळी जागा दाखवत होता, तिथे टेप १ मीटर ४० वर थांबली. मध्ये होती कोठीची खोली आणि वर जाणारा जिना.

‘कर तर सगळ्याचा भरतो,’ आई म्हणाली. हाच समज माझाही होता, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या पुण्याचा असेल. वकीलबाईंनी मिळकतकराचं बिल हातात घेऊन आईला नीट समजावलं. कर आकारला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं होत नाही. कर खातं वापरात असलेली जागा मोजतं. परवानगी हा बांधकाम विभागाचा विषय, आणि १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली परवानगीशिवाय केलेलं बांधकाम किती वर्षांनी जुनं झालं म्हणून आपोआप कायदेशीर होत नाही. आईने बिलाच्या घड्या घातल्या आणि काही बोलली नाही.

पुढचा भाग आर्किटेक्टनी इतका सोपा करून सांगितला की मी तो शाळेत शिकवू शकेन. प्लॉट २७८ चौरस मीटरचा. पूर्वी मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, एक होता, डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून राज्यासाठी आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तो १.१० आहे, आणि त्यावर अधिमूल्य भरून निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय मिळतो. म्हणजे नुसत्या मूळ एफएसआयवर ३०५ चौरस मीटर बांधता आलं असतं. जुन्या नियमांत बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत मोजणीतून वगळली जायची, नव्या नियमात ती सरळ धरली जाते. ती धरूनही आमचं सगळं बांधकाम दोनशेच्या आत होतं. तेव्हा वरची खोली आणि बाल्कनी सुधारित नकाशा देऊन, शुल्क आणि प्रशमनाची, म्हणजे दंडासारखी, रक्कम भरून नियमित करून घेता येणार होती. कोठीची खोली आणि जिना मात्र नाही. ते सामासिक अंतरात होते. एफएसआय कितीही शिल्लक असला तरी शेजाऱ्याच्या आणि आपल्या मधली ती पट्टी मोकळीच सोडावी लागते, कारण आग लागली तर तिथूनच माणूस आत शिरणार.

एजंटने यावर सुचवलेला उपाय असा होता की नकाशात कोठी ‘विसरून’ जायची आणि रोखीत घेणारं गिऱ्हाईक बघायचं, किंमत थोडी कमी येईल एवढंच. त्याने किती कमी ते सांगितलं, तो आकडा आमच्या सगळ्या नियमित करण्याच्या खर्चाच्या चौपट निघाला. वकीलबाई त्यावर एकच वाक्य बोलल्या: ‘आज तुम्ही विसरलात, तर उद्या नोटीस घेणाऱ्याच्या दारात जाईल, आणि तो तुमच्याकडे येईल.’

जुलैच्या शेवटी कोठी पाडली. मी रजा घेतली होती. आईला आत बस म्हटलं तरी ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. कोठी म्हणजे लोणच्याच्या बरण्या, दिवाळीचा किल्ला करायची पाटी-फावडी, आणि बाबांचा सुतारकामाचा ओटा. आधीच सगळं बाहेर काढलं होतं. शहाबादी फरशीवर बरण्यांच्या तळाचे गोल डाग उरले होते, एकात एक अडकलेले, तेलाने काळपट झालेले. मजुराने पहार घातली तेव्हा आईने ती एक फरशी अखंड काढून द्यायला सांगितली. दिली त्याने. ती आता नव्या फ्लॅटच्या गॅलरीत आहे, तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे.

जिना पाडल्यावर वर जायला आतून जिना हवा, म्हणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून लोखंडी जिना काढला. स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन हातोडीसारखं यंत्र खांबांना टेकवून काँक्रीटची ताकद तपासली आणि दाखला दिला. ऑगस्टमध्ये सुधारित प्रस्ताव दाखल झाला. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर वकीलबाई आठवड्याला एकदा, शुक्रवारी, चार ओळींचा निरोप पाठवायच्या: काय झालं, काय राहिलं, कुणाची सही बाकी. काहीच झालं नसेल तर ‘या आठवड्यात काही नाही’ एवढंच. हे वाचायला साधं वाटतं, पण ज्याचं सगळं आयुष्य एका फाइलीत अडकलेलं असतं त्याला शुक्रवारच्या त्या एका ओळीने झोप लागते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यासकट भोगवटा पत्र हातात आलं. बाबांनी २७ वर्षांपूर्वी बांधलेली खोली त्या दिवशी कागदावर उभी राहिली.

तोवर वकीलबाईंनी विसार घेऊ दिला नव्हता. नवं गिऱ्हाईक ऑक्टोबरपासून थांबलेलं होतं, त्यांना त्यांनी सगळी फाइल झेरॉक्स करून दिली, पाडलेल्या कोठीच्या फोटोंसकट. दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली, पंधरा दिवसांची मुदत, कुणाची हरकत आली नाही. सर्चसुद्धा त्यांनी नव्याने घेतला, तीस वर्षांचा. अलीकडच्या नोंदी ऑनलाइन दिसतात, पण २००२ च्या आधीच्या सूचीसाठी त्यांचा माणूस नोंदणी कार्यालयात जाऊन जाडजूड पुस्तकं चाळून आला. सगळे जुने कागद तपासताना एक चूक सापडली. १९८५ च्या प्लॉटच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्व आणि पश्चिम उलटी झाली होती. पूर्वेला रस्ता लिहिला होता, रस्ता आहे पश्चिमेला. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नव्या खरेदीखतात त्यांनी मंजूर रेखांकनाप्रमाणे सीमा लिहिल्या आणि जुनी चूक कशी झाली त्याचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात केला. दोन्ही बाजूंच्या सह्या त्या परिच्छेदाखाली वेगळ्या घेतल्या.

या वेळी बँकेचा इंजिनिअर आला तेव्हा मी त्याच्या हातात नवा नकाशा ठेवला. वीस मिनिटांत तो मोकळा झाला. कर्ज दहा दिवसांत मंजूर.

खरेदीखत जानेवारी २०२५ मध्ये झालं. घेणाऱ्यांनी घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं, त्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. पुण्यात पाच टक्के मूळ, एक टक्का स्थानिक संस्था, एक टक्का मेट्रो असे सात होतात, त्यांना सहा पडले. नोंदणी फी तीस हजार, ती त्याहून जास्त होत नाही. रक्कम पन्नास लाखांच्या वर असल्याने त्यांनी एक टक्का टीडीएस भरला आणि प्रमाणपत्र दिलं. भांडवली नफ्याचं काम वकीलबाईंनी स्वतःकडे घेतलं नाही, सीएकडे पाठवलं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर जुन्या घराला साडेबारा टक्के महागाई निर्देशांकाशिवाय किंवा वीस टक्के निर्देशांकासह असा पर्याय आहे आणि आईने दोन वर्षांत फ्लॅट घेतला तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही, हे तिथे कळलं. आईने मार्चमध्येच घेतला.

ताबा देतानाही त्यांनी एक कागद केला, ताबा पावती. त्यात वीज मीटरचं रीडिंग, कुठल्या तारखेपर्यंतचा मिळकतकर भरला, किती किल्ल्या दिल्या, हे सगळं. मीटरचा फोटो दोघांच्या मोबाइलवर. सतरा किल्ल्या होत्या, त्यातल्या तीन कशाच्या ते आम्हालाही माहीत नव्हतं, तेही लिहिलं.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. फी ५५ हजार, तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी पावती. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण आर्किटेक्टची फी आणि महापालिकेला भरायचं शुल्क मिळून आणखी तीन लाखांच्या आसपास जातील हे पहिल्या भेटीत सांगायला हवं होतं. ते तिसऱ्या महिन्यात कळलं, आणि आईला मुदत ठेव मोडावी लागली, व्याज गेलं. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी मान्य केलं, आणि आता पहिल्याच दिवशी खर्चाचा अंदाज लिहून देतात असं नंतर गेलेल्या माझ्या मैत्रिणीकडून कळलं. दुसरं, फोन उचलत नाहीत. संदेश टाकायचा आणि वाट बघायची. ज्यांना दर दोन दिवसांनी बोलून धीर हवा असतो त्यांना हे जड जाईल. तिसरं, मसुद्याची भाषा. ‘सदरहू मिळकतीत कोणाचाही कसल्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध, बोजा’ अशी पानंच्या पानं. कायद्याला ते लागत असेल, पण सही करणारी बाई ७९ वर्षांची आहे.

आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खरेदीखताच्या आदल्या दिवशी मी आईला रिक्षातून घेऊन गेले आणि खालूनच फोन केला, की आई चढू शकणार नाही, मसुदा मी वर येऊन नेते. पाच मिनिटांत त्या स्वतः खाली आल्या, कागद आणि दोन चष्मे घेऊन. इमारतीच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या बाकावर आईशेजारी बसल्या आणि तेवीस पानं वाचून दाखवली. प्रत्येक परिच्छेद आधी तसाच, मग ‘म्हणजे काकू,’ असं म्हणून साध्या मराठीत. स्कूटर येत होत्या, जात होत्या. एका पानावर आईने थांबवलं. माझ्या बाबांच्या नावात वडिलांचं नाव चुकलं होतं, ‘विनायक’च्या जागी ‘विठ्ठल’. वकीलबाईंनी पेनने तिथेच गोल केला, आईचे आभार मानले आणि वर जाऊन ते पान बदलून परत खाली आल्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा खर्चाच्या अंदाजासाठी कापला.

ओळखीतून त्यांच्याकडे जाणार असाल तर सकाळी त्या कोर्टात असतात, संध्याकाळी पाचनंतर जा. पहिल्या भेटीला मूळ कागद नेऊ नका, झेरॉक्स पुरतात. घरातलं कोण कधी गेलं त्याच्या तारखा मात्र लिहून न्या, आजी-आजोबांपासून. पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच येईल.